हबमधला सूर्य

जुन्या सायकलींच्या दुकानात सायकल बहुतेक वेळा चालवत येत नाही, ढकलत येते. टायर रिमला चिकटून बसलेले असतात, चैन गंजून आखडलेली असते, आणि आणणाऱ्याला एकच गोष्ट विचारायची असते: "चाचा, हिचे किती येतेल?"

बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, कुठंही जा, अशी दुकानं अजून आहेत. एवढासा गाळा. दारात हवेचा पंप, पंक्चर बघायला पाण्यानं भरलेली घमेली, छताला टांगलेल्या रिमा, आणि तेलाच्या जुन्या डब्यांत छर्रे, वॉल्व ट्यूब, कॉटर, नट. तिथं सायकल येते ती एखादं घर उतरवलं की. आजोबा जाऊन वर्षं झालेली असतात, माळवद गळायला लागलेलं असतं, स्लॅब टाकायचं ठरतं आणि मागच्या अंधाऱ्या खोलीतलं सगळं अंगणात येतं. त्यात फुटके रांजण असतात, लाकडी पाभर असते, आणि भिंतीला टेकून चाळीस-पन्नास वर्षं उभी राहिलेली ती काळी सायकल असते. भंगारवाला तिला तागडीत टाकतो. सायकलचा मिस्त्री मात्र आधी रॉकेलमध्ये चिंधी बुडवतो आणि हँडलखालच्या नळीवरची पट्टी पुसतो.

मला या कामातला सगळ्यात आवडता क्षण तोच वाटतो. काळ्या चिकट थराखालून हळूहळू पितळ उजळतं आणि बगळ्याचं डोकं दिसायला लागतं. बगळा म्हणजे रॅले, इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसल्या तर बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. कंपनी १८६१ साली बंदुका बनवायला निघाली आणि पुढं सायकलींकडे वळली. ज्या वाचकांनी शाळा-कॉलेजात असताना बीएसए एसएलआर चालवली असेल, त्यांच्या सायकलीच्या नावात त्या बंदुकाच होत्या. चाकाच्या मधोमध उघडा पंजा असेल तर रज.

पट्टी निघून गेली असेल तरी हरकत नाही, पायडलजवळचं दातेरी चाक बघायचं. त्या काळच्या कारखानदारांनी आपलं नाव तिथं पोलादातच कोरून ठेवलेलं असे. रॅलेच्या चाकात तीन बगळ्यांची डोकी असतात, बीएसएच्या चाकात ती तीन अक्षरं. आणि हंबरच्या चाकात? पाच छोटी माणसं, हातपाय पसरून गोल धावणारी. पायडल मारलं की ती पाच माणसं फिरायला लागतात. हंबरची आणखी एक खूण लांबूनही ओळखू येते. बाकी सायकलींच्या पुढच्या चिमट्याला दोन पाय असतात, हंबरच्या भारी सायकलींना दोन्ही बाजूंना जोडनळ्या, म्हणजे चार. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गाळ्यात असा चार नळ्यांचा चिमटा दिसला तर तिथंच थांबावं, चहा मागवावा आणि सायकल नीट बघावी.

ही यंत्रं इथवर आली कशी, याचा रस्ता मोठा लांबचा. मराठी माणसाचं आणि सायकलीचं नातं तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं ते साल १८८८ धरलं जातं. ज्यांचा लोखंडी नांगर पुढं शेतकऱ्याच्या घरोघरी गेला, त्या उद्योगाची सुरुवात सायकलीपासून झाली. त्याच १८८८ साली डनलॉपनं बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. पण बेळगाव ब्रिटिश मुलखात आणि बीड निजामाच्या. हैदराबाद संस्थानाचं चलन वेगळं, हाली सिक्का. जकातीचं खातं वेगळं, करोडगिरी. बाहेरचा माल संस्थानाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर कर द्यावा लागे. नॉटिंगहॅमहून निघालेली सायकल बोटीनं मुंबईत, मग रेल्वेनं जमेल तेवढी जवळ, आणि शेवटचा पल्ला रस्त्यानं. कारण बीड शहराला रेल्वे नव्हती. परळीला गाडी निजामाच्या काळात आली. बीडच्या स्टेशनातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधली सगळी दशकं ज्यांना बैलगाडीपेक्षा लवकर आणि एस.टी.ची वाट न बघता कुठं पोचायचं होतं, त्यांच्यासाठी ही काळी सायकल होती.

तिचा आकारही त्या रस्त्यांना धरूनच. आजच्या सायकलीशेजारी उभी केली की ती मागं रेलल्यासारखी दिसते. सीटची नळी तिरकी, चिमटा पुढं वाकलेला, दोन चाकांतलं अंतर जास्त. वेगाला हे बरं नाही, पण खडीच्या रस्त्यावर बसणारा दणका हातापर्यंत पोचेतो बराच विरतो. चाकं २८ इंची. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्या चाकाला ४०, कारण माणसाचं आणि कॅरिअरवरच्या पोत्याचं वजन मागं पडतं. आता शेजारी उभी असलेली आपल्याकडची साधी काळी सायकल बघा आणि तारा मोजा. ३२ आणि ४०. सळईचे ब्रेक तेच, टायरचं माप तेच. इंग्लंडनं हा नमुना कधीच सोडून दिला, आपल्याकडं तो दूधवाल्यांनी, गवंड्यांनी, शेतमजुरांनी चालता ठेवला. म्हणून तिला टायर आजही साध्या दुकानात मिळतो, आणि तिकडचे जुन्या सायकलींचे शौकीनसुद्धा या मापाचे भारतात बनलेले टायर मागवतात.

पण खरं नवल मागच्या चाकाच्या मधोमध असतं. तिथं नेहमीच्या बारीक हबऐवजी एक जाडसर, पोट असलेला हब दिसला आणि त्याच्या पोकळ कण्यातून एक चिमुकली साखळी बाहेर आलेली दिसली, तर मिस्त्रीचा आवाजच बदलतो. "ह्याच्यात मशीन हाय." तीन गिअरचं मशीन, स्टर्मी-आर्चरचं. १९०३ साली नॉटिंगहॅमला रॅलेच्या छत्राखाली ही कंपनी उभी राहिली. मूळ डोकं होतं विल्यम रायली नावाच्या कारागिराचं, नाव लागलं हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांचं. रायलीचं नाव त्याच्याच हबवर कुठं नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

त्यांचं सगळ्यात टिकाऊ मॉडेल एडब्ल्यू, १९३६ चं. हबच्या कवचावर अक्षरं पुसून काढली की शेजारी आकडेही सापडतात. ५२ असेल तर हब १९५२ चा. अनेकांवर महिनासुद्धा ठोकलेला असतो. युद्धाआधीच्या कित्येक हबांवर एकच आकडा असतो, ८ म्हणजे १९३८. सायकलीच्या अंगावर जन्मसाल गोंदलेलं असतं असं म्हणा ना. एवढंच ध्यानात ठेवायचं की ते साल हबचं आहे. चाक पुढंमागं बदललेलं असू शकतं.

आत काय आहे ते बघायला हब उघडावा लागतो. गंजलेल्या, काळ्या पडलेल्या तेलातून एकेक भाग निघतो आणि फडक्यावर मांडला जातो. मधोमध कण्यावरच कोरलेलं २० दात्यांचं एक चाक असतं. कणा चिमट्यात घट्ट बसवलेला, म्हणून हे चाक कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती त्याच मापाची, २० दात्यांची चार छोटी चाकं एका पिंजऱ्यात बसवलेली. आणि त्या चारांना बाहेरून वेढणारं एक कडं, ज्याला आतल्या बाजूनं ६० दाते. इंग्रजीत मधल्या चाकाला सूर्य म्हणतात आणि भोवतीच्या चारांना ग्रह. आपल्याकडं याहून जवळची उपमा आहे. खळ्यात मळणी चालायची तेव्हा मधोमध तिवडा रोवलेला असे. तिवडा जागचा हलत नाही, बैल त्याच्याभोवती फिरतात. हबमधला सूर्य म्हणजे तो तिवडा.

आता गंमत बघा. बैल तिवड्याभोवती एक पूर्ण फेरा मारतात तेव्हा बाहेरचं कडं किती फिरतं? एक फेरा, असं पटकन वाटतं. तसं होत नाही. ती छोटी चाकं नुसती भोवती जात नाहीत, सूर्याच्या दात्यांवरून गडगडत जातात, स्वतःभोवतीही फिरतात. रस्त्यावर सायकल चालताना चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी थांबलेला असतो आणि चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगानं पुढं जात असतो. तसंच इथं होतं. ग्रहाची सूर्याला टेकलेली बाजू थांबलेली, आणि कड्याला टेकलेली बाजू दुप्पट वेगात. ती कड्याला पुढं रेटते. एका फेऱ्यात सूर्याचे २० दाते गडगडून होतात, आणि तेवढेच २० दाते कडं जास्तीचं सरकतं. ६० पैकी २०, म्हणजे तिसरा हिस्सा. पिंजरा तीन फेरे करतो तोवर कड्याचे चार होतात.

सगळं यंत्र या तीनाचं चार होण्यावर उभं आहे. ती चिमुकली साखळी ओढली किंवा सैल सोडली की आतला एक क्लच कण्यावर इकडून तिकडं सरकतो आणि पायाचा जोर कुणाला द्यायचा ते ठरतं. जोर पिंजऱ्याला दिला आणि चाक कड्याला जोडलं, तर तीनाचे चार होतात: हा तिसरा गिअर, सपाट रस्त्याचा. जोर कड्याला दिला आणि चाकही कड्यालाच जोडलं, तर जेवढ्यास तेवढं: हा दुसरा. जोर कड्याला दिला आणि चाक पिंजऱ्याला जोडलं, तर उलटं होतं, चाराचे तीन: हा पहिला, चढाचा.

हिशेब करून बघू. पुढं ४६ दाते, मागं १८, चाक २८ इंची. दुसऱ्या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.७ मीटर जाते. तिसऱ्यात ७.६ मीटर. पहिल्यात ४.३ मीटर, पण पायाला जोर तीन चतुर्थांशच लागतो. मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या माणसाला हा पाव हिस्सा म्हणजे काय, हे त्याच्या मांड्यांना विचारावं. बालाघाटाच्या कुशीतल्या जिल्ह्यात, जिथं पाटोद्याकडून बीडला यायचं तर चढ-उतार चुकत नाहीत, तिथं असं यंत्र एखाद्या माणसानं पदरमोड करून घेतलं असेल, तर ते मिरवण्यापुरतं घेतलं असेल असं मला वाटत नाही.

काही सायकलींच्या पुढच्या हबमध्येही एक गुपित असतं. तो हब ताटलीएवढा रुंद असतो आणि त्यातून दिव्याकडं तार जाते. हा डायनोहब, याच कंपनीनं १९३० च्या दशकात काढलेला. आपल्याला माहीत असलेला डायनामो टायरला घासून फिरतो, आवाज करतो आणि पाय जड करतो. डायनोहबमध्ये घासणं नाहीच. चाकाबरोबर एक गोल लोहचुंबक फिरतं, ज्याच्या आतल्या कडेवर उत्तर आणि दक्षिण असे २० ध्रुव आलटून-पालटून आहेत. मधोमध तांब्याच्या तारेचं वेटोळं स्थिर. वेटोळ्यासमोरून ध्रुव बदलत जातात आणि तारेत वीज उभी राहते. चाकाच्या एका फेऱ्यात विजेची दिशा दहा वेळा पुढं आणि दहा वेळा मागं. सायकल हळू चालली की दिवा फडफडतो, वेग घेतला की स्थिर होतो. ज्या वाड्यांवर विजेचा खांब कैक वर्षांनी आला, तिथल्या पाऊलवाटेवर हा दिवा एका फिरत्या चाकातून उजेड काढत गेला असेल, ही कल्पनाच मला थक्क करते.

या डायनोहबबाबत एक गोष्ट मात्र हात जोडून सांगावीशी वाटते. तो उघडायचा मोह झाला तरी थांबावं. चुंबकाच्या आतला लोखंडी गाभा नुसता ओढून बाहेर काढला तर चुंबकाची ताकद तिथल्या तिथं घटते, आणि गाभा परत बसवला तरी ती परत येत नाही. काढतानाच त्याच्या जागी लोखंडाचं कडं सरकवावं लागतं. सत्तर-ऐंशी वर्षं राखलेला उजेड एका झटक्यात मंदावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आणि इथंच या सगळ्या शोधाची खरी मेख आहे. अशी सायकल दुर्मीळ का? खपली कमी म्हणून नव्हे. इंग्लंडच्या कारखान्यांनी या काळ्या सायकली जगभर पाठवल्या, आणि १९५० च्या दशकात तर सेन-रॅलेनं आसनसोललाच रॅले बनवायला घेतली. दुर्मीळ आहे ती पूर्ण सायकल. आपल्याकडं वस्तू टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात. म्हणून सायकल वाचली. पण दुरुस्त करता करता तिचं मूळचं एकेक अंग गेलं. ब्रूक्सची चामड्याची सीट फाटली, तिथं रेक्झीनची आली. तीन गिअरचा हब अडकला, सुटा भाग मिळेना, म्हणून साधं फ्री-व्हील बसवलं आणि ते पोलादी नवल डब्यात पडलं. कॉटर झिजला, दुसरा ठोकला. पायडलच्या कण्याचे कप गेले, आणि मग कळलं की रॅलेच्या आट्या इंचाला २६, बाकी बहुतेकांच्या २४. बाजारातला कप बसतच नाही. मग कुणीतरी जबरदस्तीनं बसवला. ज्या हातांनी तिला चालती ठेवली, त्याच हातांनी तिचं मूळ रूप थोडं थोडं पुसलं. यात दोष कुणाचाच नाही. ती चालवणाऱ्या एखाद्या मास्तरांना सोमवारी शाळेत पोचायचं होतं, संग्रहालयासाठी सायकल राखायची नव्हती.

संग्रहालय आता आहे, पुण्यात कर्वेनगरला. विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकली २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. त्यात दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर आहे. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकासाठी बनवलेली, मधोमध घडी होणारी. तिला छत्रीला बांधून उलटी सोडत, सीट आणि हँडल खाली, म्हणजे जमिनीचा दणका चाकांना न बसता त्यांना बसे. तिची पायडलं आत ढकलता येतात आणि घडी दोन पाखरी नटांवर उलगडते. हत्यार-पाना लागत नाही. अशी एखादी सायकल एखाद्या लहान दुकानात तारा वाकलेल्या अवस्थेत आली, तर ओळखणारा डोळा हवा. नाहीतर तिचे ते पाखरी नट दुसऱ्या कशाला तरी कामाला येतात आणि उरलेली भंगारात जाते.

बीडकडं एक अनुकूल गोष्ट आहे, जिनं माणसांना फार छळलं: कोरडी हवा. लोखंड गंजायला हवेबरोबर पाणीही लागतं. कोकणातल्या ओटीवर पन्नास पावसाळे काढलेली सायकल नळीच्या आतून पोखरते. इथल्या माळवदाखालच्या खोलीत तीच सायकल धुळीचं पांघरूण घेऊन शांत उभी राहते. धूळ पुसली की खालून जाड काळा मुलामा निघतो, आणि नीट बघितलं तर त्यावर बारीक सोनेरी रेघही. ती रेघ लांब केसांच्या कुंचल्यानं हातानं ओढलेली असते. उजेडात तिरकं धरलं की कुठं हात किंचित थरथरला तेही दिसतं. चामड्याच्या सीटवर मात्र हीच हवा उलटते, तिला तडे जातात.

म्हणून अशी सायकल घरात निघाली तर पहिल्या दिवशी रंगाचा डबा उघडू नये. नवा काळा रंग मारला की ती रेघ गेली, पट्टीवरचा बगळा बुजला, हबवरचे आकडे भरले. चिंधी, रॉकेल, मऊ ब्रश, पातळ तेल, आणि दोन-चार दिवसांचा धीर, एवढंच पुरतं. अडकलेल्या नटावर तेल सोडून रात्रभर ठेवावं, हातोडी सकाळीही घेता येते. आणि दुकानातल्या डब्यांमध्येही हात घालून बघावा. पन्नास वर्षांपूर्वी काढून ठेवलेला हब कधी कधी त्याच गावात, छर्ऱ्यांखाली, तसाच पडलेला असतो.

तो सापडला, धुतला, तेल घातलं, चाक आणलं बसवून, की मिस्त्री सायकल स्टँडवर चढवतो आणि हातानं पायडल फिरवतो. तिसऱ्या गिअरमध्ये आतून बारीक टिकटिक येते, घड्याळाला कान लावल्यासारखी. दुसऱ्यातही येते. मग तो साखळी अजून थोडी ओढतो, पायडल पुन्हा फिरवतो, आणि पहिल्या गिअरमध्ये चाक अगदी नि:शब्द फिरायला लागतं. तो मान तिरकी करून ऐकतो, गिऱ्हाइकाकडं बघतो आणि पुन्हा एकदा तिसरा टाकतो.